ब्लॅक टाय समारंभासाठी कपडे: आमंत्रण वाचण्यापासून बो-टायची गाठ मारण्यापर्यंत

लंडनच्या ऑफिसचं वार्षिक डिनर, केंब्रिजच्या कॉलेजांचे मे बॉल (नावात मे असला तरी होतात जूनमध्ये) किंवा मुंबईच्या मोठ्या हॉटेलातली पुरस्कारांची रात्र, आमंत्रणाच्या तळाशी 'ब्लॅक टाय' छापलेलं असलं की आपल्याकडचे पुष्कळ पुरुष लग्नातला काळा सूट काढतात, त्यावर लांब काळा टाय बांधतात आणि निघतात. तिथे पोचल्यावर बाकी सगळे बो-टायमध्ये दिसतात. बायका पैठणी नेसायची की गाऊन घालायचा यातच तीन आठवडे घालवतात आणि चप्पल आदल्या संध्याकाळी शोधतात.

बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात. आधी जॅकेट घेतलं जातं, मग त्याला जुळणारा शर्ट मिळत नाही, मग बूट उरतात. खालच्या क्रमानं गेलात तर खर्चही कमी होतो आणि शेवटच्या दिवशी धावपळही होत नाही.

## १. आमंत्रण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

एकेका शब्दानं कपडे बदलतात.

व्हाइट टाय असेल तर हा लेख बाजूला ठेवा. त्याला मागे शेपटाचा टेलकोट, पांढरं वेस्टकोट आणि पांढरा बो-टाय लागतो. स्टॉकहोमच्या नोबेल समारंभात दिसतो तो पोशाख. डिनर जॅकेटवर पांढरा बो लावून तो होत नाही.

ब्लॅक टाय म्हणजे डिनर जॅकेट, ज्याला अमेरिकेत टक्सिडो म्हणतात. ब्लॅक टाय ऑप्शनल असेल तर गडद सूट आणि लांब टाय चालतो, पण डिनर जॅकेट असेल तर तेच घाला. क्रिएटिव्ह ब्लॅक टाय असेल तर पाया तोच ठेवून एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ मखमलीचं जॅकेट. लाउंज सूट म्हणजे नेहमीचा सूट आणि टाय. तिथे डिनर जॅकेट घालायचं नाही.

'ऑर नॅशनल ड्रेस' लिहिलं असेल तर बंदगळा घालायला उघड परवानगी आहे. साडीला अशा परवानगीची गरज नसते. ती ब्लॅक टायला सगळीकडे चालते. 'डेकोरेशन्स' हा शब्द पदकांसाठी असतो. ज्यांना सैन्यदलाची किंवा सरकारी पदकं मिळाली आहेत त्यांनी तो वाचून आपली छोट्या आकाराची पदकं लावावीत, बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध नाही. ब्रिटिश आमंत्रणात 'कॅरेजेस' असं लिहून पुढे वेळ दिलेली असते. ती कार्यक्रम संपण्याची वेळ आहे, टॅक्सी त्या हिशेबानं ठरवा.

हा संध्याकाळचा पोशाख आहे, साधारण सहानंतरचा. इंग्लंडमध्ये ग्लाइंडबर्नच्या ऑपेराला लोक दुपारपासून डिनर जॅकेटमध्ये हिरवळीवर बसलेले दिसतात, तो अपवाद समजा.

तपासा: शंका असेल तर यजमानांना किंवा आयोजकांना आजच विचारा. "बंदगळा चालेल का?" हा प्रश्न तीन आठवडे आधी विचारला तर साधा असतो, त्याच दुपारी विचारला तर उत्तर काहीही आलं तरी उपयोग नसतो.

## २. भाड्यानं, विकत की शिवून?

चार आठवडे हातात असतील तर तिन्ही पर्याय खुले आहेत. दोन असतील तर शिवून घेण्याचा विचार सोडा. पुण्या-मुंबईत टेलर हो म्हणेल, पण दुसऱ्या ट्रायलला वेळ उरत नाही आणि खांदा तिथेच बिघडतो.

वर्षातून एखादाच प्रसंग असेल तर जॅकेट आणि पँट भाड्यानं घ्या. शर्ट, बो-टाय आणि बूट मात्र स्वतःचे असावेत. भाड्याच्या शर्टाची कॉलर नीट बसत नाही आणि दुसऱ्याच्या बुटात पाच तास उभं राहणं शिक्षा आहे. ब्रिटनमध्ये राहत असाल तर चॅरिटी दुकानं (लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणारी) जरूर धुंडाळा. चांगल्या लोकरीची जुनी डिनर जॅकेटं तिथे मिळतात, कारण ती वर्षातून दोनदाच घातलेली असतात.

शिवून घेत असाल तर टेलरला "टक्सिडो शिवा" एवढंच सांगू नका. आपल्याकडे त्या शब्दावर लग्नाचा चमकदार सूट येतो. हे लिहून द्या:

- कापड लोकरीचं, बिनचमकीचं. रंग काळा किंवा मिडनाइट ब्लू, जो विजेच्या उजेडात काळाच दिसतो. चमक फक्त लॅपलवर, म्हणजे छातीवर बाहेर वळलेल्या कॉलरच्या पट्टीवर.
- लॅपल टोकदार (पीक) किंवा गोल (शॉल). ऑफिसच्या सुटासारखी खाच असलेली लॅपल दुकानात सर्रास मिळते, पण जॅकेट सूटसारखं दिसायला लागतं ते तिच्यामुळेच. लॅपलवर सॅटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन.
- पुढे एकच बटण, कापडानं मढवलेलं. खिशांना फ्लॅप नको. मागे चीर नको, हवीच असेल तर दोन बाजूंना.
- पँटच्या बाहेरच्या शिवणीवर लॅपलच्याच कापडाची पट्टी. बेल्टचे लूप नकोत, खाली दुमड नको.

दोन रांगी बटणांचं जॅकेटही चालतं. ते कायम बंद ठेवायचं, म्हणून त्याच्या आत कमरबंद (कमरेभोवतीचा चुण्यांचा रुंद कापडी पट्टा) किंवा वेस्टकोट लागत नाही. पहिल्यांदाच घालणाऱ्याला हा सोपा मार्ग आहे.

सावधान: पांढरं किंवा हस्तिदंती जॅकेट उष्ण प्रदेशातल्या आणि समुद्रकाठच्या संध्याकाळींसाठी असतं. गोव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ते अगदी योग्य. लंडनमध्ये नोव्हेंबरच्या डिनरला नाही.

## ३. फिटिंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ब्लॅक टायमध्ये सगळे पुरुष जवळजवळ सारखेच कपडे घालतात. फरक दिसतो तो फक्त मापात. मापाचं जॅकेट घातलेला माणूस भाड्याच्या कपड्यातही रुबाबदार दिसतो, आणि महागडं पण खांद्यावरून ओघळणारं जॅकेट कुणालाच शोभत नाही.

जॅकेटचा आकडा म्हणजे छातीचं इंचातलं माप: ३८, ४०, ४२. पुढचं अक्षर उंचीचं असतं, बुटक्यासाठी एस, मध्यम आर, उंचासाठी एल. ब्रिटन आणि अमेरिकेचे आकडे सारखे आहेत. युरोपच्या दुकानात त्यात दहा मिळवा, म्हणजे आपलं ४० तिथे ५०.

ट्रायलला पातळ शर्ट घालून जा आणि या क्रमानं पाहा.

खांदा. जॅकेटच्या खांद्याची शिवण तुमचा खांदा संपतो तिथेच संपली पाहिजे. भिंतीला खांदा टेकवून उभे राहा. दंड लागायच्या आधी जॅकेटचा पॅड भिंतीला दाबला गेला तर जॅकेट मोठं आहे. खांदा चुकला तर ते जॅकेट परत करा. बाकी सगळं टेलर सुधारू शकतो, खांदा सुधारायचा म्हणजे जॅकेट उसवून पुन्हा शिवायचं.

कॉलर. जॅकेटची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून राहिली पाहिजे. मध्ये फट दिसत असेल तर हात पुढे करून, मग सोडून पुन्हा बघा. तरीही फट राहिली तर दुसरं माप घाला.

बटण. लावल्यावर पोटाशी इंग्रजी एक्सच्या आकाराच्या चुण्या पडल्या तर घट्ट आहे. मूठ आत सहज फिरली तर सैल.

बाही. हात सरळ सोडल्यावर शर्टाचा कफ साधारण अर्धा इंच बाहेर दिसावा. इथे दहातले आठ जण चुकतात असं कुठल्याही समारंभात उभं राहून पाहिलं तरी दिसतं: बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत उतरलेली आणि कफलिंक्स आतच. बाही लहान करणं हे टेलरचं तासाभराचं काम आहे, तेवढं करूनच घ्या.

पँट. ती कमरेवर बसते, नितंबांवर नाही. पँट खाली सरकली की जॅकेटच्या बटणाखाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण डोकावतो, आणि फोटोत नजर तिथेच जाते. खालचा काठ बुटावर जेमतेम टेकावा.

तपासा: घालून खुर्चीत बसा, हात टेबलावर ठेवा, जिना चढल्यासारखा पाय उचला. संध्याकाळचा निम्मा वेळ तुम्ही बसलेले असणार आहात.

नवीन जॅकेट असेल तर मागची चीर आणि खिसे कच्च्या टाक्यांनी बंद केलेले असतात, चिरेवर बहुधा फुलीचा टाका असतो. बाहीवर कंपनीचं कापडी लेबल असतं. तिन्ही उसवून टाकायचे असतात. लेबल ठेवून फिरणारे अजून दिसतात.

## ४. शर्ट, स्टड आणि कफलिंक्स

ऑफिसचा पांढरा शर्ट इथे चालत नाही. हवा तो शर्ट पुढून वेगळा असतो: छातीवर मार्सेलाचं जाडसर खडबडीत विणीचं कापड, किंवा उभ्या बारीक चुण्या. कॉलर नेहमीसारखी खाली वळलेली. दोन टोकं पुढे उभी राहणारी विंग कॉलर व्हाइट टायची आहे. भाड्याच्या दुकानात ती पुढे केली जाते, पण नको म्हणा.

कफ दुहेरी असतात. दुमडून दोन्ही कडा एकमेकींना टेकवायच्या, एकावर एक चढवायच्या नाहीत, आणि चारही काजांतून कफलिंक घालायचं. पुढच्या बटणांच्या जागी स्टड येतात. काळे किंवा मोत्याच्या शिंपल्याचे, चांदी-सोन्याच्या साध्या कडेचे. लोगोवाले, क्रिकेटच्या बॅटवाले कफलिंक्स ऑफिसला ठेवा.

स्टड बसवायचे शर्ट अंगात घालण्याआधी, पलंगावर पसरून. डाव्या पट्टीचं काज वर, उजव्या पट्टीचं त्याच्या बरोबर खाली धरा, स्टडचं चपटं मागचं टोक तिरकं करून दोन्हींतून ढकला आणि आत फिरवून सरळ करा. वरचे दोन मोकळे ठेवा, शर्ट डोक्यातून चढवा आणि मग ते लावा. अंगावर उभ्यानं लावायला गेलात तर एक हमखास गळून कपाटाखाली जातो. भाड्याच्या संचात चार आहेत ना, हे दुकानातच मोजा.

तपासा: गळ्याचं बटण लावून आत दोन बोटं जातात का? एकच गेलं तर रात्री नऊपर्यंत तुम्ही ते उघडाल, आणि बो-टाय लोंबकळेल.

## ५. कंबर

बेल्ट नाही. पँट गॅलिसवर (खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर) किंवा कमरेच्या बाजूंना आवळायच्या पट्ट्यांवर राहते. गॅलिस पांढरे किंवा काळे, बटणांचे, चिमट्यांचे नकोत.

कंबरेवर कमरबंद किंवा खोल गळ्याचं काळं वेस्टकोट, दोन्ही एकदम नाही. कमरबंदाच्या चुण्या वरच्या दिशेनं उघडतात. ही चूक इतकी होते की बांधल्यावर चुणीत बोट घालून बघण्याची सवयच लावा: बोट वरून आत गेलं पाहिजे. रंग काळाच. लाल, मोरपंखी संच दुकानदार हौसेनं दाखवतात, ते तिथेच राहू द्या.

## ६. बो-टाय

काळा, रेशमी, लॅपलच्या कापडाशी जुळणारा: सॅटिनला सॅटिन, ग्रोग्रेनला ग्रोग्रेन. बांधल्यावर त्याची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी. तयार गाठीचा, हुकवाला बो चालतो, कुणी तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही. पण हातानं बांधलेल्या गाठीला जो किंचित वाकडेपणा येतो तो त्या चकचकीत ठोकळ्यात येत नाही, आणि ती शिकायला एक रविवार पुरतो. पहिला सराव मांडीवर करा. गुडघ्याच्या वर मांडीचा घेर जवळपास गळ्याएवढा असतो आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर राहतात.

१. टाय गळ्यात टाका. डावं टोक उजव्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवा.

२. लांब टोक आखूड टोकावरून आडवं न्या, खालून गळ्याशी वर काढा आणि आवळा. बुटाच्या नाडीची पहिली गाठ असते तीच. लांब टोक खांद्यावर टाकून ठेवा.

३. आखूड टोक रुंद भागाशी दुमडून आडवी पाकळी करा आणि कॉलरच्या मध्यावर धरा.

४. लांब टोक खांद्यावरून उतरवून पाकळीच्या बरोबर मधोमध खाली सोडा.

५. पाकळीची दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत पुढे ओढून धरा. तिच्या मागे, गळ्याशी, एक लहान फट दिसेल. लोंबणारं टोक मध्ये दुमडा आणि घडीची बाजू त्या फटीतून ढकला. घडी पलीकडे दिसली की थांबा, सगळं टोक बाहेर ओढलंत तर गाठ सुटते.

६. आता दोन्ही बाजूंना एकेक घडी आणि एकेक सुटं टोक आहे. आवळायचं ते घड्या धरून. सुटी टोकं ओढली की बो सुटतो, तो रात्री सोडतानाच.

पाचव्या पायरीवर सगळे अडतात. फट सापडत नाही ती दुसऱ्या पायरीवर गाठ फार घट्ट आवळल्यामुळे. थोडी सैल करून पुन्हा करा.

## ७. बूट, मोजे आणि उरलेलं

काळे ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीचे बंद बूट, पेटंट लेदरचे (चकचकीत लेप दिलेल्या चामड्याचे) किंवा आरशासारखे पॉलिश केलेले साधे. नक्षीची भोकं असलेले ब्रोग, लोफर, तपकिरी काहीही नको. मोजे काळे, पातळ आणि पोटरीपर्यंत. बसल्यावर पायाची कातडी दिसता कामा नये. छातीच्या खिशात पांढरा सुती किंवा लिननचा रुमाल, साधी सरळ घडी. घड्याळ पातळ असेल तर घाला, स्मार्टवॉच काढून ठेवा. ब्रिटनच्या हिवाळ्यात वर काळा किंवा गडद निळा लांब ओव्हरकोट हवा. ट्रेकिंगचं फुगीर जॅकेट त्यावर शोभत नाही.

## ८. बायकांसाठी: गाऊन किंवा साडी

गाऊन घोट्याखाली, जमिनीपर्यंत. गुडघ्याशी संपणारा कॉकटेल ड्रेस 'ऑप्शनल' लिहिलं असेल तिथेच. आधी सँडल घ्या, मग त्या पायात घालून गाऊनची लांबी ठरवा. पुढचा काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला की चालताना पायात येत नाही. मागे लोळणारी झूल टाळा. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवानं २०२५ मध्ये रेड कार्पेटवर अशा मोठ्या झुलीच्या पोशाखांना बंदीच घातली, कारण त्यांनी रहदारी अडते आणि सभागृहात बसता येत नाही. डिनरच्या टेबलांमधल्या अरुंद वाटेतही हीच अडचण होते.

साडी नेसणार असाल तर रेशमी नेसा. पैठणी, कांजीवरम, बनारसी सगळ्या शोभतात. माझा कौल गडद रंगाच्या, जरीचा काठ असलेल्या आणि अंगभर बुट्टी नसलेल्या पैठणीला आहे: पदर एकटा बोलतो, दागिने कमी लागतात. क्रम असा:

१. सँडल ठरवा. परकराची उंची त्यावरून.

२. परकर सुती घ्या, सॅटिनच्या परकरावर निऱ्या घसरतात. थंडी असेल तर आत थर्मल लेगिंग घाला, कुणाला दिसत नाही.

३. ब्लाउज दोन आठवडे आधी. हात वर करून, बसून, ग्लास उचलून बघा.

४. अत्तर किंवा परफ्यूम साडी नेसण्यापूर्वी लावा आणि वाळू द्या. जरीवर ते पडलं तर ती काळी पडते.

५. सँडल पायात घालूनच नेसा. पदर खांद्यावर ब्लाउजला आतून पिन करा, निऱ्यांना कमरेशी एक मोठी पिन. जरीला सरळ टोचू नका.

लंडनच्या ट्यूबनं (भुयारी रेल्वेनं) जाणार असाल तर सरकत्या जिन्यावर निऱ्या आणि पदर हातात धरा. शक्य असेल तर टॅक्सी करा.

क्लच पर्स फोन बसेल एवढी. दागिन्यांत गळा किंवा कान यांपैकी एकालाच भरगच्च असू द्या.

## ९. बंदगळा घालणार असाल

काळा किंवा मिडनाइट ब्लू, बिननक्षीचा, त्याच कापडाची पँट, काळे बूट. भरतकामाची शेरवानी, मोजडी, फेटा हे लग्नाचं आहे. कॉलर गळ्याशी बंद हवी आणि आतल्या पांढऱ्या कॉलरपट्टीची बारीक रेघ वर दिसावी. बो-टाय आणि कमरबंद यात येत नाहीत.

## १०. रंगीत तालीम आणि तो दिवस

दोन दिवस आधी सगळं एकदम अंगावर चढवा, बुटांसकट. भाड्याचं असेल तर पार्सल आल्याच्या दिवशीच उघडा. पँट दुसऱ्याची आली हे समारंभाच्या दुपारी कळून उपयोग नाही. जरीच्या साडीला इस्त्री उलट बाजूनं, मंद आचेवर, मध्ये सुती कापड ठेवून.

त्या दिवशी पुरुषांसाठी क्रम: आधी मोजे, मग स्टड बसवलेला शर्ट आणि कफलिंक्स, मग गॅलिस आधीच अडकवलेली पँट, मग बूट, कारण कमरबंद बांधल्यावर वाकणं कठीण जातं. नंतर कमरबंद, बो-टाय, शेवटी जॅकेट आणि रुमाल. बो-टायसाठी वीस मिनिटं वेगळी धरा.

खिशात एक जादा स्टड, दोन सेफ्टी पिना आणि घरची किल्ली. पाकीट जाडजूड असेल तर घरी ठेवा, एक कार्ड पुरतं. बसताना जॅकेटचं एकमेव बटण उघडा, उठताना लावा. जेवण चालू असताना जॅकेट काढायचं नाही, यजमानांनी काढलं तरच काढा.

दुसऱ्या दिवशी भाड्याचा संच परत करण्यापूर्वी खिसे तपासा आणि स्टड पुन्हा मोजा, ते बहुधा शर्टातच राहतात. साडी लगेच घडी करून कपाटात टाकू नका. रात्रभर सावलीत पसरून ठेवा, पिना काढल्यात ना हे पदरावर हात फिरवून बघा आणि मग सुती कापडात गुंडाळून ठेवा.